झुंबरबाईची ओ

१

सुमेधानं कॉम्प्युटर हलवायचं ठरवलं ते उंदरांमुळे.

केदारखेड्याचं घर माय गेल्यापासून कुलूपबंदच होतं. महिन्या-दोन महिन्यांतून ती जालन्याहून जायची, झाडझूड करायची, ओट्यावर बसून डबा खायची आणि दिवस मावळायच्या आत परत फिरायची. गेल्या खेपेला कॉम्प्युटरच्या मागं वायरीचे बारीक बारीक तुकडे पडलेले दिसले. उंदरांनी माउसची शेपटीच कुरतडून टाकली होती. त्या मशीनमध्ये माय होती.

माय म्हणजे मायचा आवाज. सुमेधा विज्ञानाची शिक्षिका. पूर्वी कधीतरी एका प्रशिक्षणात स्थानिक गीतं गोळा करून आणायला सांगितली होती, म्हणून तिनं मायला, म्हणजे बेबीनंदाला, माइकपुढं बसवलं. जातं बंद पडून जमाना झाला होता, पण ओव्या जात्यावाचूनही येत. प्रशिक्षण संपलं, बसणं मात्र संपलं नाही. दर रविवारी जेवणं झाली की माय पदर सारखा करून विचारायची, "लावती का तुझी पेटी?" मग ती गायची, मधेच कापसाच्या वेचणीचं बोलायची, कुणाच्या लेकीचं कुठं जमलं ते सांगायची, भिंतीपलीकडच्या झुंबरबाईला हाक मारायची. सगळं पेटीत जायचं. असं वर्षानुवर्षं चाललं.

जालन्याच्या फ्लॅटवर माय फार थोड्या वेळा आली. आली की दुसऱ्या दिवशी पिशवी भरून दारात उभी. "हितं उगवत कुठं अन् मावळत कुठं काय बी कळंना बाई," म्हणायची. सुमेधानं कधी आग्रह धरला नाही. माय तिच्या घरात राहिली, तिच्या घरातच, दुपारच्या झोपेत गेली. सुमेधाला त्याचं दुःख होतं, पण रुखरुख नव्हती.

तर त्या रविवारी सूरजनं, तिच्या नवऱ्यानं, कॉम्प्युटर उचलून गाडीत ठेवला. सुमेधा कुलूप लावत होती. भिंतीपलीकडून झुंबरबाईचं डोकं वर आलं.

"नेऊन राह्यली का पेटी?"

"हो मावशी. उंदरं खाऊन टाकतील सगळं."

भिंतीवर वाळत घातलेल्या मिरच्या झुंबरबाईनं उगाच एका बाजूला सारल्या. "मांजर पाळलं असतं म्या. राहू द्यायची व्हती."

म्हातारीला मैत्रिणीची शेवटची खूण चालल्यासारखं वाटत असेल, असं सुमेधाच्या मनात आलं. ती म्हणाली, "गाणी पाहिजेत का तुम्हाला? मोबाइलमध्ये टाकून देते की."

"मला कशाला मोबाइलात? मला हाय तसंच बराबर व्हतं."

याचा अर्थ काय, ते विचारायला सुमेधा थांबलीसुद्धा असती. पण सूरजनं हॉर्न वाजवला.

२

फ्लॅट अंबड रोडच्या बाजूला. त्यात एक आतली खोली होती. तिची खिडकी बाहेर उघडायची नाही, इमारतीच्या मधल्या पोकळीत उघडायची, त्यामुळे तिथं ऊन कधी येत नसे. गव्हाची कोठी, इस्त्रीचं टेबल, भिंतीलगत दोरीवर वाळत घातलेले कपडे. पायल शाळेत असताना तिथं अभ्यास करायची, कॉलेजात गेल्यापासून तीही बाहेर हॉलमध्ये बसायची. सुमेधानं इस्त्रीच्या टेबलावर जुना कॉम्प्युटर मांडला, त्याला दुसरा माउस जोडला, शेजारी नवा लॅपटॉप ठेवला आणि पेनड्राइव्ह लावला.

सूरज बियाण्यांच्या एका कंपनीत हिशेबनीस. दिवसभर कॉम्प्युटरवरच असायचा. दारात उभा राहून म्हणाला, "कॉपी कर बरं का. कट करू नको. मधेच लाईट गेली म्हणजे हिकडचंही जाईल अन् तिकडचंही."

"माहीत आहे मला."

तिला माहीत होतंच. तरी तिनं कॉपी केलं नाही. जुनं मशीन दुसऱ्या दिवशी दुकानदार घेऊन जाणार होता. कॉपी केलं म्हणजे मायचा आवाज त्यातही राहणार, म्हणजे भंगाराच्या ढिगात, फुटक्या टीव्हींच्या आणि कुलरच्या खोक्यांच्या खाली कुठंतरी. ते तिला सोसेना. मायला काय अर्धी इथं, अर्धी तिथं ठेवायची? न्यायची तर पुरती न्यायची. तिनं 'माय' नावाचं फोल्डर धरलं आणि कट केलं.

हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं पुढं सरकत होती. दुपार होती, घर जेवून सुस्तावलं होतं. आतल्या खोलीत आवाज दोनच. जुन्या मशीनची घरघर, आणि वरच्या पंख्याचा. पंख्याचं एक पातं वाकलेलं होतं, दर फेरीला ते कुठंतरी घासायचं आणि टक् वाजायचं. घरघर, टक्. घरघर, टक्. सुमेधाला बसल्या बसल्या डुलकी आली.

जाग आली ती घरघर मंदावल्यानं. पट्टी पुरी भरली होती. जुन्या पडद्यावर 'माय' फोल्डर राहिलं नव्हतं, आणि ती बघत होती तेवढ्यात घरघर बसत बसत थांबली. पडदा काळा झाला. तिनं बटण दाबलं, वायरी हलवल्या, सूरजला बोलावलं. मशीन काही पुन्हा सुरू झालं नाही.

"बघ, नेमक्या वेळेला काढलंस," सूरज म्हणाला. "येक दिवस उशीर झाला असता तर सगळं गेलं असतं."

संध्याकाळी तिनं त्या आनंदात शिरा केला.

३

ऐकायला बसली ती सोमवारी, शाळेतून आल्यावर. पहिल्यांदा तिनं तीच फाईल लावली, जी तिला तोंडपाठ होती. माय गेल्यावर, त्या घरात लाईट होती तोवर, तिथं बसून किती वेळा ऐकली असेल त्याला गणती नाही. त्यात आधी दूरच्या गिरणीची पुकपुक यायची, कोंबड्यांचं कुरकुरणं, पत्र्यावर कावळ्याची नखं. मग माय खाकरायची.

केदारखेड्याची गं वाट, वाट पांदीनं वळली
भीमरायाच्या शाळेला लेक माझी गं चालली

ओवी संपली की माय मोठ्यानं हाक मारायची, "झुंबरेऽ, ऐकू येतं का गं?" आणि भिंतीपलीकडून ओ यायची, "येतंय गं बेबे, गाय की!" त्यावर माय म्हणायची, "मी गाय, तर तू म्हैस!" आणि दोघी अशा हसायच्या की माइक फाटायचा.

सुमेधा त्या हसण्याची वाट बघत बसली.

माय खाकरली. तिनं ओवी गायली. "झुंबरेऽ, ऐकू येतं का गं?"

मग काहीच आलं नाही.

ओ आली नाही, कोंबड्या नाहीत, गिरणी नाही. तेवढीच जागा रिकामी गेली. मग माय पुढची ओवी म्हणायला लागली, पण जरा खालच्या आवाजात, कुणी नसलेल्या घरात माणूस गातं तशी.

सुमेधानं फाईल मागं नेऊन पुन्हा लावली. पुन्हा तेच. तिनं सूरजला विचारलं.

"नवीन मशीन मागचा गोंगाट कापून टाकतं," तो टॉवेलनं तोंड पुसत म्हणाला. "सेटिंग असतंय त्याचं." त्यानं ते शोधलं, बंद केलं. तरी ओ आली नाही. "मंग फाईलमधेच कापलं गेलं असंल. पण मायचा आवाज किती साफ आलाय बघ."

आवाज साफ आला होता, यात शंका नव्हती. पोरांना ती वर्गात रोज सांगायची की प्रत्येक गोष्टीला कारण असतं, आपल्याला ते ठाऊक नसलं तरी असतं. तिनं तेच स्वतःला सांगितलं. फक्त एक गोष्ट तिच्या मनातून जाईना. ओ कापली गेली असेल, हसणं कापलं गेलं असेल. पण ओ आल्यावर माय जे बोलली होती, "तर तू म्हैस," ते तर मायचंच होतं. ते कुणी कापलं?

४

मग ती रोज एक एक फाईल लावत गेली. कुठंच अंगण उरलं नव्हतं. प्रत्येक ठिकाणी माय एकटी.

गुरुवारी तिला टक् ऐकू आलं.

आधी तिला वाटलं, वरचाच पंखा. तिनं उठून पंखा बंद केला. पाती फिरत फिरत थांबली. टक् चालूच राहिलं, लॅपटॉपमधून, मायच्या गाण्यामागून. दर फेरीला एक. केदारखेड्याच्या घरात छताचा पंखा कधीच नव्हता, माय टेबलफॅन वापरायची.

सुमेधा उभीच राहिली. ही फाईल तिनं स्वतः रेकॉर्ड केली होती. यात माय सलग गायची, लेकीच्या सासरच्या ओव्या, एकीला दुसरी जोडून. आता ती एका ओवीच्या अर्ध्यात थांबली. दम घेतल्याचा आवाज आला. मग एक घासल्यासारखा आवाज, कोरड्या भिंतीवरून कुणी तळवा फिरवावा तसा. फिरला, थांबला, पुढं फिरला.

"दार तर हितंच व्हतं की," माय स्वतःशी म्हणाली.

"आई."

पायल चहा घेऊन दारात उभी होती. किती वेळची, कोण जाणे.

"आई, आजी असं कधी म्हणली होती?"

"म्हणली असेल. मला काय सगळं आठवतंय?"

"आणि हा पंखा आपला आहे," पायल म्हणाली. "मी इथं चार वर्षं अभ्यास केलाय, मला कळत नाही का?"

सुमेधानं लॅपटॉप मिटला. मिटताना माय परत म्हणत होती, "झुंबरे? ये झुंबरेऽ?" आणि झाकण पडता पडता तो आवाज बोटांखालून निसटला, तेव्हा आपण कुणाच्या तरी तोंडावर हात ठेवला असं तिला वाटलं.

५

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती घरी न जाता दुकानात गेली. दुकानदार ओळखीचा होता, खुर्ची दिली.

"माझा जुना कॉम्प्युटर परत पाहिजे मला."

"मॅडम, तो तर त्याच दिवशी गेला की भंगारात. काही राहिलं व्हतं का त्याच्यात?"

"त्याची डिस्क तरी?"

"डिस्क आम्ही फोडूनच देतो. लोकांचे फोटो असत्यात, कागदं असत्यात, कुणाच्या हाती लागायला नको." त्यानं काळजीनं तिच्याकडं पाहिलं. "तुमचं सगळं निघालं व्हतं ना पण?"

"हो," सुमेधा म्हणाली. "सगळं निघालं."

ती रस्त्यावर आली. रिक्षावाले हाका मारत होते, तिनं एकालाही हात केला नाही. सूरजनं तिला सांगितलं होतं. कॉपी कर म्हणाला होता. कॉपी केलं असतं तर आज तिकडंही काहीतरी असतं, फोडलेलं का होईना. तिला आठवत राहिलं की तेव्हा तिनं विचार केला होता, घाई केली नव्हती. चांगला विचार करून, मायेपोटी, तिनं ते बटण दाबलं होतं. चुकून दाबलं असतं तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

६

शनिवारी सकाळची शाळा. ती लॅपटॉप पिशवीत घालून तशीच स्टँडवर गेली. चतुर्थी होती, बस राजूरपर्यंत खच्चून भरलेली. राजूरला गणपतीची माणसं उतरली आणि गाडी रिकामी झाली. केदारखेड्यापर्यंत ती खिडकीशी बसून होती, पिशवी मांडीवर घेऊन.

झुंबरबाई दारातच बसली होती. सुमेधा तिच्याजवळ खाली बसली. कुठून सुरुवात करावी ते तिला कळेना, म्हणून तिनं सरळ विचारलं. "मावशी, त्या दिवशी तुम्ही 'हाय तसंच बराबर' म्हणलात. काय होतं तसं?"

म्हातारीनं पदरानं डोळे पुसले. रडत नव्हती, उन्हानं पाणी येत होतं.

"तुला खोटं वाटंल."

"नाही वाटणार."

"दुपारी जेवून आडवं झालं की बेबीचा आवाज यायचा. तुमच्या घरातून. गायची, मंग मला हाक मारायची. मी ओ द्यायचे. ती हसायची. झालं. मंग माझा डोळा लागायचा."

"कधीपासून?"

"ती गेली तव्हापासून. आधी मला वाटलं तूच पेटी चालू ठिवून गेल्ती."

"घरात लाईट नाही मावशी. मीटर कधीच काढून नेलंय."

"ते मला मागून कळलं. मंग म्हणलं, आपलेच कान गेले आता. म्हातारपण हाय. पण भ्या न्हाई वाटलं कधी. जल्मभर ऐकलं ते. तू पेटी नेली त्या दिसापासून बंद झालं. येक दिस बी न्हाई आला."

"मला तेव्हाच सांगायचं होतं हो!"

"काय सांगू? मलाच खरं वाटंना. अन् तुझा नवरा गाडी चालू करून बसल्ता." झुंबरबाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "चुकलंच माझं. धरून ठिवायची व्हती पेटी."

सुमेधानं घर उघडलं. मोकळ्या खोलीत, माय बसायची त्या जागी, तिनं लॅपटॉप ठेवला आणि ती पहिली फाईल लावली. आवाज पुरता मोठा केला. झुंबरबाई भिंतीपलीकडं आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

मायनं ओवी म्हटली. "झुंबरेऽ, ऐकू येतं का गं?"

"येतंय गं बेबेऽ!" झुंबरबाई ओरडली. "येतंय! गाय तू!"

माय थांबून होती. "झुंबरे?" ती परत म्हणाली.

"अगं हाय की हितंच! बेबे!"

"कुणीच न्हाई," माय म्हणाली. तिला ओ पोचलीच नव्हती. झुंबरबाई दोनदा, तीनदा ओरडली, मग तिचा आवाज फाटला. ती ओट्यावर येऊन बसली. "ती हितं न्हाईच सुमे. लई लांबून बोलून राह्यली ती."

सुमेधा लॅपटॉपवर वाकली. मायच्या श्वासामागं पंख्याचं टक् होतं. त्यामागं अजून काहीतरी. कुकरची शिट्टी. एका मोबाइलची रिंग. आणि मग, भिंतीआडून आल्यासारखा, एका मुलीचा आवाज, "हां, बोल तृप्ती."

फाईलवर तारीख होती ती पायल बालवाडीत होती तेव्हाची.

तिनं फोन काढून पायलला लावला. फोन व्यस्त होता. परत लावला, परत.

"काय गं आई? तृप्तीशी बोलत होते."

"कुकर लावलाय का तू?"

"हो. भात लावलाय. का?"

फोनमधून शिट्टी ऐकू आली. लॅपटॉपमधूनही आली, किंचित मागं.

"पायल," सुमेधा म्हणाली. लेक एकटी घरात आहे, एवढंच तिला त्या क्षणी सुचलं. "आतल्या खोलीचं दार ओढून घे. कडी लाव. आत्ता, लगेच."

"काय झालंय?"

"लाव म्हणते ना!"

पावलं वाजली. मग लॅपटॉपमधून दार लागल्याचा आवाज आला, आणि कडी सरकल्याचा.

माय बोलायची थांबली. भिंतीवरचा तळवा थांबला. काही क्षण नुसतं टक्, टक्. मग तो तळवा घाईनं, अगदी घाईनं, लाकडावरून फिरायला लागला.

७

पायल जिन्यात बसलेली होती, फ्लॅटच्या बाहेर, गुडघे पोटाशी घेऊन. ऊन अजून होतं. खालच्या मजल्यावर कुणीतरी गालिचा झटकत होतं.

"ठोकलं नाही कुणी," ती म्हणाली. "ठोकलं असतं तर बरं. नुसता हात फिरवत होतं आतून. आणि दार लोटतसुद्धा नव्हतं. जसं काही कळतच नाही की हे दार आहे."

"तू इथंच बस."

सुमेधा आत गेली. भात करपल्याचा वास घरभर होता. आतल्या खोलीपुढं ती उभी राहिली. आत शांत होतं. तिनं कडी काढली.

खोली होती तशी होती. कोठी, टेबल, दोरीवर कपडे. पंखा फिरत होता. तिनं श्वास सोडला आणि तेवढ्यात तिला दिसलं की दोरीवरच्या साडीच्या पलीकडं, भिंतीवर, एक हात आहे.

मनगटापर्यंतच दिसत होता, बाकी साडीआड. सावळा, सुरकुतलेला, मागल्या बाजूला हिरवं गोंदण. तळवा भिंतीला लावलेला. तो हळूहळू सरकत होता, जरा खाली, जरा उजवीकडं, बोटं पसरून. जिथं भिंतच भिंत होती तिथं तो कडी शोधत होता, केदारखेड्याच्या दाराची कडी असायची तेवढ्या उंचीवर.

सुमेधा ओरडली नाही. हे तिलाच पुढं नवलाचं वाटलं. तिनं जाऊन साडी बाजूला सारली. भिंत होती. भिंतीवर तळव्याएवढी ओल होती, आणि ती बघता बघता वाळून गेली.

८

पिशवीतला लॅपटॉप बंद होता. तिनं तो उघडला नव्हता. तरी आवाज आला, टेबलाच्या बाजूनं, की कोठीच्या, ते सांगता येत नव्हतं.

"झुंबरे?"

झुंबरबाईची ओ आता इथवर पोचणार नव्हती. पण ती स्वतः तर होती. सुमेधा खाली, फरशीवर बसली, मायपुढं बसायची तशी मांडी घालून.

"माय, मी आहे गं," ती म्हणाली. "मी सुमे."

आवाज थांबला. कुणीतरी ऐकतंय हे तिला कळलं. माणूस मान वळवून ऐकतं तेव्हा खोलीला जे कळतं, तसं. तिच्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी तिला इतका आनंद झाला की तिचे डोळे भरले. "माय," ती परत म्हणाली.

"कोण वो बाई तुम्ही?" मायनं विचारलं.

सुमेधा बसल्या बसल्या भिंतीकडं सरकली.

"दिसंना झालंय वो मला. हितं उन्हाचा काही अंदाजच लागंना." आवाज नम्र होता, परक्या गावात वाट विचारताना असतो तसा. "केदारखेड्याची गाडी कुठून लागती, सांगता का जरा?"

सूरज त्या संध्याकाळी म्हणाला, काढून टाक फायली, डिलीट कर, संपलं. त्यानंही दारात उभं राहून ऐकलं होतं, मग तो पुन्हा त्या खोलीकडं फिरकला नाही. सुमेधानं काढल्या नाहीत. तिथून काढलं तर माय कुठं जाईल, हे त्याला सांगता येत नव्हतं आणि तिलाही. खोलीचं दार त्यांनी पुन्हा कधी लावलं नाही. पायल होस्टेलला गेली. दुपारी शाळेतून आली की सुमेधा आत जाऊन बसते, आणि कधी कधी हाक येते.

पण त्या दिवशी, त्या पहिल्या दिवशी, तिला एकच उत्तर सुचलं होतं.

"बसा माय," ती म्हणाली. "गाडी येईल."

"येईल का?"

"येईल. बसा तुम्ही."

भिंतीपाशी कुणीतरी टेकल्यासारखा आवाज झाला. पदर सारखा केल्याचा, एक लांब उसासा सोडल्याचा. मग माय म्हणाली, अगदी मायेनं,

"जा बाई तुम्ही. तुम्हाला घरला उशीर होऊन राह्यला असंल. माझी लेक हाय हितं जालन्यात, मास्तरीण हाय. तिला कळलं की ती येईल मला न्यायला."